शिवराम पालवणकर : धाकटा भाऊ

क्रिकेटच्या इतिहासांत कांहीं पराक्रम थोरांच्या सावलींत झांकले जातात. आमच्या बीडच्या संजय बांगरांचेंच पाहा. २००२ सालीं हेडिंग्लेच्या कसोटींतलीं द्रविड, तेंडुलकर व गांगुली यांचीं शतकें लोकांच्या ध्यानांत राहिलीं. ढगाळ हवेंत सलामीस जाऊन बांगरांनीं केलेल्या ६८ धावा क्वचितच कोणी सांगतो. शिवराम पालवणकरांचें नांवहि असेंच झांकलें गेलें, आणि तें त्यांच्या सख्ख्या वडील बंधूच्या कीर्तीमुळें.

मूळ कोंकणांतलें हें चर्मकार घराणें. वडील लष्कराच्या नोकरींत होते. बाळू, शिवराम, गणपत व विठ्ठल हे चौघेहि भाऊ हिंदु संघाकडून खेळले. बाळूंच्या डावखुऱ्या गोलंदाजीपुढें गोरे फलंदाज नमत. पण पुण्याच्या हिंदु क्लबांत त्यांना चहा मिळे तो बाहेर, मातीच्या भांड्यांतून.

१९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं सर्व हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला. बाळूंनीं तेथें ११४ बळी घेतले, हें अनेकांस ठाऊक असतें. पण टाँटन येथें सॉमरसेटविरुद्ध शिवराम ११३ धावांवर नाबाद राहिले आणि संघानें एक गडी राखून सामना जिंकला, हें फारसें कोणी सांगत नाहीं.

तथापि शिवरामांची खरी कसोटी लागली ती १९२० च्या चौरंगी सामन्यांत. बाळूंना संघांतून वगळण्यांत आलें. कर्णधार पै आजारी पडतांच नेतृत्व पालवणकर बंधूंना डावलून देवधरांकडे गेलें. तेव्हां शिवराम व विठ्ठल यांनीं जाहीर पत्रक काढून खेळण्यास नकार दिला. शिवरामांची चाळिशी उलटली होती; एकदां गेलेली जागा परत मिळेल, याची शाश्वती नव्हती. तरीहि मानापुढें त्यांनीं खेळ तुच्छ मानला.

या नकाराचें फळ लवकरच दिसलें. पै बरे होऊन परतले, बंधूंना पुन्हां बोलावणें आलें आणि बाळू उपकर्णधार झाले. १९२३ सालीं कर्णधारपद विठ्ठलांकडे आलें व हिंदु संघानें स्पर्धा जिंकली.

बाळूंच्या बळींची गणना होते, विठ्ठलांनीं आपलें आत्मचरित्र लिहिलें. शिवरामांच्या वांट्यास धावफलकावरच्या चार ओळी आल्या. मात्र विठ्ठलांसाठीं जें दार उघडलें, त्याला पहिला धक्का देणाऱ्या हातांत शिवरामांचाहि हात होता. आपल्या मुलांना क्रिकेटच्या गोष्टी सांगतांना एवढी गोष्ट अवश्य सांगावी.