चित्राचा क्रमांक आणि घड्याळाचा तास



काम किती झाले, ते कोणी मोजले आणि कोणत्या घड्याळाने मोजले, यावर कामगाराची भाकर ठरते. म्हणूनच चलच्चित्रांच्या संकलनात वेळेचा हिशेब कसा ठेवतात, हा विषय मी आज घेतला आहे. आज संगणकावर संकलन करताना प्रत्येक चित्रखंडाबरोबर तास, मिनिटे, सेकंद आणि फ्रेम असे आकडे धावताना दिसतात. त्यास टाइमकोड म्हणतात. हे आकडे घड्याळासारखे दिसतात खरे. पण त्यांचे काम प्रत्येक चित्राला पत्ता देण्याचे आहे.

चित्रपटाच्या फितीवर हा प्रश्न सोपा होता. बोलपटात सेकंदाला २४ चित्रे सरकत. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चित्रे मावत. म्हणजे मिनिटाला ९० फूट फीत लागे. फितीच्या कडेला क्रमांक छापलेले असत. संकलक कामापुरत्या काढलेल्या प्रतीवर कात्री चालवी आणि मग त्या क्रमांकांवरून मूळ निगेटिव्ह कापली जाई. फीत उजेडासमोर धरली की चित्र डोळ्यांना दिसे.

१९५६ साली अमेरिकेत अँपेक्स कंपनीने दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर चित्र मुद्रित करणारे यंत्र आणले, आणि कारागिराचा डोळा निकामी झाला. या फितीवर चित्र दिसतच नाही! लोहकणांचा द्रव लावून चुंबकीय रेषा उमटवावयाच्या आणि नेमक्या जागी पात्याने फीत कापावयाची, असा तो उद्योग होता. एक काप चुकला की मूळ मुद्रणच बिघडे.

१९६७ साली कॅलिफोर्नियातील एका इलेक्ट्रॉनिक कंपनीने फितीवरच प्रत्येक चित्राचा क्रमांक नोंदण्याची युक्ती काढली. पुढे अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संस्थेने तिला प्रमाणरूप दिले. आता फीत कापण्याची गरज उरली नाही. मूळ खंड कोठून कोठपर्यंत घ्यावयाचा याचे दोन आकडे, आणि तयार कार्यक्रमात तो कोठून कोठपर्यंत बसवावयाचा याचे दोन. अशा चार आकड्यांची ओळ लिहिली की यंत्र काम करी. आजच्या संगणकातही चित्रखंडाचा स्वतःचा टाइमकोड निराळा आणि जुळवलेल्या कार्यक्रमाचा निराळा. या दोहोंची गल्लत झाली की मूळ चित्राचा माग लागत नाही.

परंतु हिशेबात एक खोट शिरली. १९५३ साली अमेरिकेने रंगीत दूरचित्रवाणीची पद्धती स्वीकारली, तेव्हा रंगाच्या आणि ध्वनीच्या लहरींचा एकमेकींस उपद्रव होऊ नये म्हणून सेकंदाला ३० ऐवजी सुमारे २९.९७ चित्रे ठेवण्यात आली. क्रमांक मात्र ३० च्याच हिशेबाने मोजले जात. क्रमांकांप्रमाणे एक तास भरला, तर १,०८,००० चित्रे झाली. पण ती दाखविण्यास तासाहून ३.६ सेकंद जास्त लागत. ज्या खात्यात जाहिरातीचा सेकंदही विकला जातो, तेथे हे कसे खपावे?

यावर काढलेला तोडगा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दर मिनिटाच्या प्रारंभी ०० आणि ०१ हे दोन क्रमांक गाळावयाचे. मात्र दर दहाव्या मिनिटाला गाळावयाचे नाहीत. तासात अशी ५४ मिनिटे, म्हणजे १०८ क्रमांक गळतात आणि घड्याळाशी मेळ बसतो. यात एकही चित्र गाळले जात नाही; गळतात ते फक्त आकडे. केलेले काम जसेच्या तसे राहते आणि वही दुरुस्त होते. आपल्या देशात सेकंदाला नेमक्या २५ चित्रांची पद्धती आली, त्यामुळे येथील दूरचित्रवाणीला ही कसरत करावी लागली नाही.

कामगाराच्या नजरेने पाहाल, तर या इतिहासाला दोन बाजू आहेत. मूळ फीत सुरक्षित राहू लागली, हा लाभ मोठाच. पण संगणकाने पुढे निगेटिव्ह कापणाऱ्यांचा धंदा जवळजवळ संपविला. त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. त्यांच्या बोटांतील कसब आता आकड्यांच्या ओळींत गेले आहे.

तेव्हा संकलनखात्यातील तरुणांना माझे सांगणे एवढेच : मोजणीचा नियम स्वतः शिकून घ्या. कार्यक्रम ३.६ सेकंदांनी लांबला म्हणून उद्या कोणी तुमच्यावर ठपका ठेवील, तेव्हा दोष कामाचा की मोजणीचा, हे तुम्हांला कागदावर मांडून दाखविता आले पाहिजे.