वंशावळीतल्या आडव्या रेघा

इतिहासाच्या तासाला फळ्यावर पेशव्यांची वंशावळ असायची. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव, नानासाहेब, माधवराव. एकाखाली एक, मध्ये सरळ रेघ. त्यामुळे पेशवेपद या घरात आपोआप चालत आले, असा माझा कितीतरी वर्षे समज होता. फळ्यावर न आलेल्या आडव्या रेघा मला फार उशिरा दिसल्या.

श्रीवर्धनचे भट सिद्दीच्या जाचाने कोकण सोडून घाटावर आले. सोबत वेळासचे भानू होते. पुढे सासवडच्या अंबाजीपंत पुरंदऱ्यांचा आधार मिळाला. १७१३ साली शाहू महाराजांनी बाळाजींना पेशवे केले, तेव्हा पुरंदरे मुतालिक झाले आणि भानूंकडे फडणिशी आली. आमच्या आयटीत याला रेफरल म्हणतात! फक्त तिथे जिवाची जोखीम होती. १७१९ मध्ये दिल्लीच्या दंग्यात बाळाजी महादेव भानू मारले गेले. नाना फडणवीस हे त्यांचे नातू.

पुढच्याच वर्षी बाळाजी विश्वनाथ वारले. थोरला बाजीराव अवघा एकोणीस वर्षांचा. पद देणे महाराजांच्या हातात होते, आणि दरबारातल्या जाणत्यांचा विरोध असतानाही त्यांनी वस्त्रे बाजीरावालाच दिली.

मर्जी महाराजांची, पण मोहिमांना पैसा लागे तो सावकारांचा. सोयरिकीही तशाच जुळल्या. बाजीरावांची एक बहीण अनुबाई इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे, तर दुसरी भिऊबाई बारामतीच्या जोशी सावकारांकडे, आबाजी नाईकांना दिलेली. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव गेले ते डोक्यावर मोठे कर्ज ठेवून. आता पेशवेपदासाठी रघूजी भोसल्यांनी कोणाला पुढे करावे? आबाजींचे भाऊ बाबूजी नाईक यांना! घेणेकरी तेच, सोयरे तेच आणि आता प्रतिस्पर्धीही तेच. एका बाजूला भाचा, दुसऱ्या बाजूला दीर. भिऊबाईंची काय अवस्था झाली असेल?

महाराजांनी वस्त्रे नानासाहेबांना दिली. मग नाईकांनी कर्जाचा तगादा लावला. पद मिळाले तरी हा पेच सुटेना. अखेर पेशव्यांचे दिवाण महादाजीपंत पुरंदरे यांनी आपली पत वापरून त्यातून सोडवले. हे पुरंदरे म्हणजे सासवडचेच.