रस्त्याच्या अलीकडची शाळा, रस्त्याच्या पलीकडची शाळा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी मी मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो. न्यू जर्सीत तो घर शोधत होता आणि शनिवार-रविवारी मीही त्याच्याबरोबर हिंडत असे. एका दुपारी दलालाने आम्हाला दोन घरं दाखवली. खोल्या तेवढ्याच, अंगण तेवढंच, मध्ये फक्त एक रस्ता. पण किमतीत मात्र मोठा फरक. मी कारण विचारलं, तर तो सहज म्हणाला, ‘‘हे घर चांगल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये येतं.’’

तालुक्याच्या गावी तीस वर्षं इतिहास शिकवलेला मी मास्तर. सरकारी शाळा, म्हणजे फुकटची शाळा, आणि तिचा दर्जा घराच्या किमतीत मोजायचा? हे कोडं मी मनात घेऊन परतलो आणि मग पुस्तकं काढून बसलो. त्यातून जे हाती लागलं, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

अमेरिकेतली शाळा मुळात गावाची. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४७ साली कायदा केला, की पन्नास कुटुंबांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमावा आणि शंभर कुटुंबांच्या गावाने पुढचं शिक्षण देणारी शाळा काढावी. हेतू धार्मिक होता. प्रत्येकाला बायबल स्वतः वाचता यावं, म्हणजे सैतान कुणाला फसवू शकणार नाही. पण खर्च गावाचा, ही रीत तेव्हापासून पडली. पुढे देशाची राज्यघटना झाली, तिच्यात शिक्षणाचा उल्लेखच नाही. तो विषय राज्यांकडे आणि राज्यांकडून गावांकडे गेला.

या गावठी शाळेला राष्ट्रीय हेतू दिला तो होरेस मॅन यांनी. १७९६ सालचा जन्म, गरीब शेतकऱ्याचं घर, लहानपणी वर्षातून काही आठवडेच शाळा. पुढे वकील झाले, राजकारणात वर चढले आणि १८३७ साली ते सगळं सोडून मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे सचिव झाले. त्या काळी श्रीमंतांची मुलं खासगी शाळांत जात आणि गरिबांची गळक्या खोल्यांत. कारखाने उभे राहत होते, आयर्लंडहून माणसांचे लोंढे येत होते. मॅन यांचं म्हणणं असं, की सावकाराचं आणि मजुराचं पोर एका बाकावर बसलं, तरच हे प्रजासत्ताक टिकेल. समाजाच्या यंत्रातलं तोल सांभाळणारं चाक म्हणजे शाळा, अशी उपमा त्यांनी १८४८ च्या अहवालात दिली. शिक्षकांना तयार करणारी पहिली सरकारी शाळा १८३९ साली त्यांच्याच काळात निघाली. १८५२ मध्ये मॅसॅच्युसेट्सने शाळा सक्तीची केली आणि १९१८ पर्यंत सगळ्या राज्यांनी ती वाट धरली.

याचं फळही मोठं मिळालं. १९१० साली अठरा वर्षांच्या दहा मुलांपैकी जेमतेम एक हायस्कूल पूर्ण करत असे. १९४० पर्यंत हे प्रमाण निम्म्यावर गेलं. हे त्या काळी युरोपलाही जमलं नव्हतं. आपल्याकडच्या माणसांनाही या देशाचं आकर्षण होतं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी सज्जनांना. पंडिता रमाबाईंनी १८८९ च्या आपल्या प्रवासग्रंथात तिथल्या शिक्षणाचं कौतुक केलं.

पण मॅन यांच्या त्या एका बाकावर सगळ्यांना जागा नव्हती. दक्षिणेत गुलामांना अक्षर शिकवणं अनेक राज्यांत गुन्हा होता. गुलामी गेली, तरी गोऱ्यांची आणि काळ्यांची शाळा वेगळी राहिली आणि १८९६ साली ‘वेगळं पण समान’ या तत्त्वावर सर्वोच्च न्यायालयाने वेगळेपणाला मान्यता दिली. वेगळं होतंच, समान कधीच नव्हतं. हे तत्त्व उलथवायला १९५४ साल उजाडावं लागलं. ‘ब्राउन’ खटल्यात नऊच्या नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने सांगितलं, की वेगळ्या शाळा समान असूच शकत नाहीत. तो खटला लढवणारे वकील होते थर्गुड मार्शल. त्यानंतरही व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने काय केलं? काळी मुलं गोऱ्यांच्या वर्गात नकोत म्हणून १९५९ पासून पाच वर्षं सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप लावलं.

आता माझ्या कोड्याकडे येतो. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात एजवूड आणि अलामो हाइट्स असे दोन शालेय विभाग. पहिल्यात बहुतेक मेक्सिकन वंशाची कष्टकरी कुटुंबं, दुसऱ्यात सुखवस्तू. शाळेचा स्थानिक पैसा घरपट्टीतून यायचा. १९६७-६८ साली एजवूडचे लोक मालमत्तेच्या दर शंभर डॉलरला एक डॉलर पाच सेंट पट्टी भरत होते, अलामो हाइट्सचे फक्त ८५ सेंट. म्हणजे गरीब जास्त दराने भरत होते. पण घरंच स्वस्त, त्यामुळे राज्याच्या योजनेतला वाटा दिल्यावर एजवूडकडे स्वतःचे असे दर मुलामागे २६ डॉलर उरत, अलामो हाइट्सकडे ३३३. राज्याची आणि केंद्राची मदत धरूनही एका मुलावर ३५६ आणि दुसऱ्यावर ५९४ डॉलर खर्च होत होते.

मे १९६८ मध्ये एजवूड हायस्कूलची मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. त्यांच्या मागण्या म्हणजे धड इमारत आणि पात्र शिक्षक. त्याच वर्षी डेमेट्रिओ रॉड्रिग्ज नावाच्या कामगार बापाने इतर पालकांसह न्यायालय गाठलं. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की शिक्षण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. पद्धत सदोष असेल, पण घटनाबाह्य नाही. विरोधी मत लिहिणाऱ्यांत थर्गुड मार्शल होते, आता न्यायाधीश म्हणून. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यातही तसंच झालं. शहरातल्या शाळांतली वर्णभेदाची दरी बुजवायला उपनगरांना भाग पाडता येणार नाही, असा निकाल लागला, पुन्हा पाच विरुद्ध चार. मार्शल पुन्हा विरोधात. रंगाची भिंत कायद्याने पाडली, पण हद्दीची भिंत कायद्यानेच राखली.

नंतर लढाई राज्यांच्या न्यायालयांत गेली. १९८९ मध्ये टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयाने एजवूडच्या बाजूने कौल दिला. अनेक राज्यांनी गरीब विभागांना जादा पैसे दिले, त्याचा उपयोगही झाला. केंद्राने २००२ साली वेगळा उपाय काढला. दरवर्षी परीक्षा घ्या आणि २०१४ पर्यंत प्रत्येक मूल वाचनात व गणितात पारंगत करा. ते साल आलं आणि गेलं. उद्दिष्ट गाठलं नाहीच, उलट अनेक शाळांत परीक्षेत नसलेल्या विषयांचे तास आटले. २०१५ मध्ये तो कायदा बदलावा लागला. आजही तिथे सुमारे तेरा हजार शालेय विभाग आहेत आणि शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक करांतून येतो.

श्रोतेहो, मुलाने शेवटी कोणतं घर घेतलं, हे आपण ओळखलं असेल. रस्त्याच्या अलीकडचं, महागाचं. नातवाचं भलं व्हावं असं कोणत्या आजोबांना वाटणार नाही? मीही होकार दिला. पण परतीच्या विमानात मला पलीकडचं घर आठवत होतं. त्यातही कुणी तरी राहायला आलं असेल, त्यांचंही पोर सकाळी दप्तर घेऊन निघत असेल. आणि खरं सांगायचं, तर माझ्या गावात तरी वेगळं काय घडलं? ज्यांना परवडलं, त्यांनी मुलं आमच्या शाळेतून काढून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातली. मागे राहिलेल्यांसाठी भांडायला गावात वजन असलेलं कुणी उरलं नाही. अमेरिकेच्या शाळेचा हा इतिहास वाचताना मला आमचा तो पट निम्म्यावर आलेला वर्ग दिसत राहिला.