डावखुऱ्या फिरकीची कुळकथा

पुण्याहून बंगळूरकडे जाणारी सडक निपाणी सोडल्यावर तवंदीचा घाट ओलांडून, संकेश्वर-बेळगाव करीत ज्या धारवाडास पोहोचते, त्या धारवाडात, मुंबई इलाख्याचा अंमल असताना, एका चर्मकार कुटुंबात पालवणकर बाळू यांचा जन्म झाला. आणि हिंदी क्रिकेटातील डावखुऱ्या फिरकीची वंशावळ मांडावयाची झाल्यास मूळपुरुषाच्या जागी त्यांचेच नाव घालावे लागते. वखारीतल्या तंबाखूच्या बोदांवर बसून सामन्याचे धावते वर्णन ऐकत आलेला आमचा निपाणीकर शतकवीरांची नावे घडाघडा सांगेल, पण बाळूंचे नाव त्याच्या ओठी सहसा येणार नाही. अमेरिकेतील बेसबॉलचा रसिक एकट्या पिचरने जिंकून दिलेला सामना त्या पिचरच्याच नावाने स्मरतो. आमच्याकडे मात्र विजय फलंदाजाच्या खाती खतावण्याचा शिरस्ता पडला आहे.

ही विद्या उपजली ती चाकरीत. पुण्यास पारशांच्या मैदानावर खेळपट्टी झाडण्याच्या कामी बाळूंना दरमहा 3 रुपये मिळत. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात 4 रुपये झाले, आणि तेथे साहेबलोकांच्या सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकण्याचे काम त्यांच्याकडे आले. कॅप्टन ग्रेग हा नामांकित फलंदाज, आपणास बाद केल्यास दर खेपेस आठ आणे बक्षीस देई, असे सांगतात. बॅट मात्र बाळूंच्या हाती कोणी दिली नाही. फलंदाजी ही मालकांची मिरास आणि गोलंदाजी ही चाकरांची वेठ, असाच त्या काळचा समज होता, आणि त्या समजुतीनेच साहेबांनी आपला प्रतिस्पर्धी स्वतःच्या खर्चाने तयार केला.

तर्जनीने शिवणीला पीळ देऊन सोडलेला डावखुऱ्याचा चेंडू हवेत किंचित रेंगाळतो, उजव्या हाताने खेळणाऱ्यास पुढे येण्याचा मोह घालतो आणि टप्पा पडताच त्याच्या पायांकडून बाहेर वळून बॅटीची कड शोधतो. यात बळाचे काम थोडे. टप्प्यावरील हुकमत हेच सारे, आणि ती हुकमत वर्षानुवर्षांच्या त्या राबणुकीतून आली.

पुण्याच्या हिंदूंनी त्यांना संघात घेतले, पण मैदानावर ज्याच्या हातून चेंडू झेलावयाचा, त्याला चहा मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात द्यावयाचा, ही तऱ्हा चालूच राहिली. फेब्रुवारी 1906 मध्ये मुंबईस हिंदूंनी युरोपियनांपुढे 212 धावांचे लक्ष्य ठेवले, आणि बाळू ज्या माऱ्याचे प्रमुख होते, त्या माऱ्यापुढे राज्यकर्त्यांचा डाव 102 धावांत आटोपला. पुढे 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली विलायतेस गेलेल्या संघाचा दौरा एकंदरीत निस्तेज झाला, तरी बाळूंनी तेथे शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचे नायकपद त्यांना मात्र कधीच लाभले नाही. 1923 साली ते त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले.

या कुळात पुढे विनू मंकड झाले, नाशिकचे बापू नाडकर्णी झाले. पण एकट्या फिरकीने सामना कसा आपल्या मुठीत ठेवावा, याचा दाखला पाहावयाचा तर मुंबईच्या पद्माकर शिवलकरांकडे जावे. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात, मद्रासच्या चेपॉक मैदानावर, मुंबईच्या स्वतःच्या धावा अवघ्या 151 आणि 113. यजमानांकडे वेंकटराघवन व व्ही. व्ही. कुमार यांच्यासारखे कसलेले फिरकी गोलंदाज. एवढ्याशा भांडवलावर शिवलकरांनी पहिल्या डावात 16 धावांत 8 आणि दुसऱ्यात 18 धावांत 5 गडी टिपले. तामिळनाडूचे डाव 80 आणि 61 धावांत गडगडले. पाच दिवसांचा सामना दोन दिवसांतच निकालात निघाल्यासारखा झाला. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटात 589 बळी मिळवूनही या गृहस्थास कसोटी संघाचे बोलावणे आले नाही, कारण त्या एका जागेवर याच कुळाचा दुसरा वारस, बिशनसिंग बेदी, पक्का ठाण मांडून बसलेला होता.