ऑटो-डेबिट: विमा आणि पेन्शनचा हप्ता खात्यातून आपोआप कसा कापला जातो?

थोडक्यात

प्रधानमंत्री जीवन ज्योती बीमा योजना, प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना आणि अटल पेन्शन योजना या तीन योजना ९ मे २०१५ रोजी सुरू झाल्या. या योजनांचा हप्ता दरवेळी काउंटरवर जाऊन भरायचा नसतो. तुम्ही एकदा लेखी संमती दिली की ठरलेल्या तारखेला बँक किंवा पोस्ट ऑफिस तो तुमच्या बचत खात्यातून कापून घेते. यालाच ऑटो-डेबिट म्हणतात.

सोय चांगली आहे, पण एक गोष्ट तुमच्याकडेच राहते: त्या दिवशी खात्यात पैसे असणे. पैसे नसतील तर हप्ता कापला जात नाही आणि विम्याचे संरक्षण थांबते. म्हणून ऑटो-डेबिट कसे सुरू करावे आणि ते चालू आहे की नाही हे कसे तपासावे, याची माहिती येथे दिली आहे.

कोणत्या योजनेचा किती हप्ता?

१. प्रधानमंत्री जीवन ज्योती बीमा योजना: वर्षाला ४३६ रुपये. वय १८ ते ५० वर्षे असताना सहभागी होता येते आणि हप्ता नियमित भरल्यास ५५ वर्षांपर्यंत संरक्षण चालू राहते. कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात.

२. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना: वर्षाला २० रुपये. वय १८ ते ७० वर्षे. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख रुपये, तर एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाल्यास १ लाख रुपये.

३. अटल पेन्शन योजना: वय १८ ते ४० वर्षे असताना सहभागी होता येते. ६० वर्षांनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपये पेन्शन. हप्ता दरमहा, तिमाही किंवा सहामाही कापला जातो. ५,००० रुपयांच्या पेन्शनसाठी १८व्या वर्षी सुरुवात केल्यास महिन्याला २१० रुपये, तर ४०व्या वर्षी सुरुवात केल्यास १,४५४ रुपये भरावे लागतात. १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्यांना या योजनेत नव्याने सहभागी होता येत नाही.

पहिल्या दोन योजनांचे वर्ष १ जून ते ३१ मे असे असते.

बँकेत नेमके काय घडते?

तुम्ही संमतीपत्र दिले की बँकेच्या संगणक प्रणालीत एक कायमची सूचना नोंदवली जाते: अमुक खात्यातून, अमुक तारखेला, अमुक रक्कम. बँकेची प्रणाली अशा सूचनांची यादी रोज तपासते. ज्यांची तारीख आली असेल त्या खात्यांतील शिल्लक पाहिली जाते. रक्कम पुरेशी असेल तर हप्ता कापला जातो आणि पासबुकात नोंद होते. पुरेशी नसेल तर व्यवहार अयशस्वी ठरतो.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, विम्याचा हप्ता अर्धा कापला जात नाही. खात्यात ४३० रुपये असतील तरी ४३६ रुपयांचा हप्ता जाणार नाही. त्याच खात्यातून २० रुपयांचा अपघात विमा मात्र चालू राहील. त्यामुळे ‘विमा कापला गेला’ असा समज होतो, पण प्रत्यक्षात दोनपैकी एकच चालू असतो.

दुसरी, जनधन खात्यात शून्य शिल्लक चालते, याचा अर्थ शून्य शिलकीवर विमाही चालतो असा नाही. खाते बंद पडणार नाही, पण हप्ता जाणार नाही.

ऑटो-डेबिट सुरू करण्याच्या पायऱ्या

पायरी १: एकच खाते निवडा. ज्या खात्यात पैसे येत-जात असतात ते खाते निवडा. दोन बँकांत अर्ज केला तरी संरक्षण २ लाखांचेच राहते आणि जास्तीचा हप्ता वाया जाऊ शकतो.

पायरी २: संमतीपत्र भरा. हा अर्ज बँकेच्या शाखेत, पोस्टात किंवा बँक मित्राकडे मिळतो. जनसुरक्षा संकेतस्थळावर तो मराठीतही आहे, त्यामुळे तुम्ही गुजरात, तेलंगणा किंवा दिल्लीत राहत असाल तरी मराठी अर्ज वाचून समजून घेता येतो. काही बँकांमध्ये नेट बँकिंग किंवा मोबाइल अॅपवरूनही अर्ज करता येतो.

पायरी ३: वारसाचे नाव आधार कार्डावर आहे तसेच लिहा. वारस अज्ञान असेल, म्हणजे १८ वर्षांखालील असेल, तर पालकाचे नावही द्या.

पायरी ४: पोचपावती घ्या. अर्जाच्या खालच्या भागातील पावती हेच विम्याचे प्रमाणपत्र असते. ती शिक्का मारून घ्या आणि कुठे ठेवली आहे हे वारसाला सांगा.

पायरी ५: पासबुक भरून घ्या. ४३६ किंवा २० रुपयांची नोंद दिसली की सूचना लागू झाली असे समजा. नोंद नसेल तर पावती घेऊन शाखेत विचारा.

दरवर्षी मे महिन्यात काय करावे?

नूतनीकरणाचा हप्ता मे महिन्याच्या अखेरीस, ३१ मेपर्यंत कापला जातो. नेमक्या याच दिवसांत बियाणे-खते आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी खाती रिकामी होतात. म्हणून:

• २० मेपूर्वी खात्यात किमान ५०० रुपये ठेवा. दोन्ही विम्यांचे मिळून ४५६ रुपये होतात. एसएमएस किंवा इतर शुल्क कापले गेले तरी हप्त्यापुरते पैसे उरतील.
• १ जूननंतर लगेच पासबुक भरून घ्या आणि दोन्ही नोंदी तपासा.
• नोंद नसेल तर वाट पाहू नका. त्याच आठवड्यात शाखेत जा.

हे का महत्त्वाचे आहे?

समजा, एका कुटुंबातील कर्ता पुरुष सुरतला यंत्रमागावर कामाला आहे. त्याने तीन वर्षे विम्याचा हप्ता भरला. चौथ्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस खात्यात ६० रुपयेच होते. अपघात विम्याचे २० रुपये गेले, जीवन विम्याचे ४३६ रुपये गेले नाहीत. ऑगस्टमध्ये त्याचे आजारपणात निधन झाले. अपघात नसल्याने सुरक्षा बीमा योजनेतून काही मिळत नाही आणि जीवन ज्योती योजनेचे संरक्षण ३१ मे रोजीच संपलेले असते. आधीच्या तीन वर्षांचे हप्ते येथे उपयोगी पडत नाहीत.

याच्या उलटही घडते. हप्ता नियमित कापला जात असतो, पण घरच्यांना त्याची माहिती नसते. म्हणून घरात कोणाचे निधन झाल्यास त्यांच्या सर्व खात्यांची पासबुके भरून घ्या आणि मागील मे-जूनच्या नोंदींत ४३६ व २० हे आकडे शोधा.

हप्ता चुकला तर

जीवन ज्योती योजनेत वर्षाच्या मध्येही पुन्हा सहभागी होता येते. हप्ता महिन्यानुसार ठरतो:

• जून ते ऑगस्ट: ४३६ रुपये
• सप्टेंबर ते नोव्हेंबर: ३४२ रुपये
• डिसेंबर ते फेब्रुवारी: २२८ रुपये
• मार्च ते मे: ११४ रुपये

मात्र पुन्हा सहभागी झाल्यावर पहिल्या ३० दिवसांत मृत्यू झाल्यास दावा मिळत नाही. अपघाती मृत्यूला ही अट लागू नाही. ज्यांचा हप्ता खंड न पडता जातो त्यांना हे ३० दिवस पुन्हा मोजावे लागत नाहीत. सुरक्षा बीमा योजनेत कोणत्याही महिन्यात सहभागी झाल्यास पूर्ण २० रुपयेच भरायचे असतात.

अटल पेन्शन योजनेत हप्ता चुकल्यास उशिराच्या प्रत्येक महिन्याला, दर १०० रुपयांमागे १ रुपया जादा द्यावा लागतो. खात्यात पैसे आल्यावर थकलेले हप्ते जादा रकमेसह कापले जातात. त्यामुळे अचानक मोठी रक्कम गेलेली दिसल्यास आधी मागील महिन्यांच्या नोंदी पाहा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: माझ्या खात्यात अनुदान जमा होते. त्यातून हप्ता जाईल का?
उत्तर: खाते तेच असेल आणि पैसे तारखेआधी आले असतील, तर जाईल. पण अनेक योजनांचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात आणि विम्याचा हप्ता संमतीपत्रात लिहिलेल्या खात्यातून कापला जातो. ही दोन खाती वेगळी असू शकतात. आपले कोणते खाते कोणत्या कामाचे, हे शाखेत विचारून पासबुकावर लिहून ठेवा.

प्रश्न: मी दुसऱ्या राज्यात राहायला गेलो आहे. नवे खाते काढावे लागेल का?
उत्तर: नाही. जुने खाते चालू असेल तर हप्ता तेथूनच कापला जातो. मोबाइल नंबर बदलला असल्यास बँकेत नोंदवा, म्हणजे हप्ता गेल्याचा एसएमएस येईल.

प्रश्न: खाते बरेच दिवस वापरलेले नाही. चालेल का?
उत्तर: दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार नसल्यास खाते निष्क्रिय ठरू शकते. शाखेत जाऊन केवायसी करून ते पुन्हा सुरू करून घ्या.

प्रश्न: ऑटो-डेबिट बंद करायचे असल्यास?
उत्तर: शाखेत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी सांगितल्याने सूचना रद्द होत नाही.

प्रश्न: दावा कोठे करायचा?
उत्तर: ज्या बँकेत किंवा पोस्टात खाते होते तेथेच, शक्यतो ३० दिवसांच्या आत. दाव्याचा अर्ज, मृत्यू दाखला, वारसाचे ओळखपत्र आणि वारसाच्या पासबुकाची प्रत द्या. अपघात असल्यास एफआयआर किंवा पंचनामा व शवविच्छेदन अहवालही लागतो.

अधिक माहितीसाठी

जनसुरक्षा योजनांचे टोल-फ्री क्रमांक: १८००-१८०-११११ आणि १८००-११०-००१. या क्रमांकांवर माहिती विचारण्यासाठी ओटीपी, एटीएम पिन किंवा यूपीआय पिन सांगण्याची गरज नसते. तो कोणी मागितल्यास फोन ठेवून द्या.