पशूंच्या बाहुल्या व सोलापूर प्रांत : एका टांचणाचा परामर्श

सोलापूर येथें नाट्यकलेचें शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्यानें पशूंच्या बाहुल्यांचा प्रयोग बसविण्याचें योजिलें असून, त्याच्या पूर्वतयारीचें टांचण आम्हांकडे पाहण्यास दिलें. हरिण, बैल, वासरूं व नाग अशीं चार पात्रें, पांढरा पडदा, मागून दिवा आणि कातड्याच्या आकृती असा एकंदर बेत आहे. टांचणाच्या शिरोभागीं 'सोलापूरच्या प्राचीन छायाबाहुली-परंपरेचें पुनरुज्जीवन' असे शब्द आहेत व तेच जाहिरातीवर छापावयाचे आहेत. बेत चांगला आहे, मेहनतही दिसते. परंतु शिरोभागींचे ते शब्द साधार आहेत काय, हा प्रश्न आमच्या कक्षेंतला आहे, आणि तो सोडवूं जातां मराठी बाहुलीविद्येचा इतिहास आजवर कोणत्या दप्तरांत घातला गेला याचाही थोडा उलगडा होतो, म्हणून हा परामर्श.

टांचणांत पहिला आधार ज्ञानेश्वरीचा दिला आहे. तो खरा आहे व मोलाचाही आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायांत ईश्वर सर्व भूतांस यंत्रावर चढविल्याप्रमाणें फिरवितो असें सांगितलें आहे. शंकराचार्यांनीं आपल्या भाष्यांत तेथें लांकडाच्या पुरुषाकृतींचा दृष्टांत घेतला. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० त, त्याच श्लोकाचें विवरण करितांना ज्ञानेश्वरांनीं लांकडाची बाहुली न घेतां मायेचा आडपडदा लावून एकट्यानेंच सूत्र हालविणारा आणि पडद्याबाहेर नाचणारीं चौऱ्यांशीं लक्ष छायाचित्रें अशी रचना केली. पडदा, सूत्र व छाया हीं तिन्ही अंगें एके ठिकाणीं येतात, त्या अर्थीं श्रोत्यांस हा खेळ परिचयाचा होता असें म्हणण्यास हरकत नाहीं. नुसत्या पोथींतल्या कल्पनेवर कोणी कीर्तनकार श्रोत्यांस दृष्टांत देत नसतो. शिवाय चौऱ्यांशीं लक्ष योनींत मनुष्य एक आणि बाकीचे पशु, पक्षी, कृमि, कीटक, हें विद्यार्थ्याच्या ध्यानांत आलेलें दिसत नाहीं. त्याच्या प्रयोगास याहून जवळचा दृष्टांत मराठींत क्वचितच सांपडेल. तथापि परंपरेनें ज्ञानेश्वरीचें स्थान प्रवरेच्या कांठचें नेवासें आहे. त्यावरून गोदावरी-प्रवरेच्या मुलुखांतील श्रोत्यांविषयीं बोलतां येतें, भीमा-सीनेच्या मुलुखाविषयीं नाहीं.

दुसरा आधार कल्याणीच्या चालुक्यांचा. तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचिलेल्या मानसोल्लासांत चित्रें दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख आहे. कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण, सोलापुराच्या पूर्वेस सुमारें सव्वाशें किलोमीटरांवर, आणि सोलापुराचा मुलूख त्या राजसत्तेखालीं होता. तेव्हां स्थळाच्या दृष्टीनें हा आधार नेवाशापेक्षां जवळचा खरा. पण चित्र दाखविणें निराळें आणि चित्र हालविणें निराळें. चित्रकथ्याच्या पोथींतला मृग पान उलटीपर्यंत जागचा हालत नाहीं. बाहुलीचा मृग हालला नाहीं तर तो मृगच नव्हे. दोन्ही कला एकाच घराण्यांत नांदूं शकतात हें पुढें पिंगुळीच्या प्रकरणीं दिसेल, परंतु एकीचा पुरावा दुसरीच्या खातीं मांडूं नये.

सुभटाचें दूतांगद (इ. स. १२४३), पिशेल या जर्मन पंडितानें इ. स. १९०० त बाहुल्यांच्या खेळाचें मूळ हिंदुस्थानांत असल्याचें केलेलें प्रतिपादन इत्यादि गोष्टींनीं टांचणाचीं दोन पृष्ठें अडविलीं आहेत. अणहिलवाड्याच्या दरबारीं झालेल्या संस्कृत नाटकाचा सोलापुरीं कातडें कापणाऱ्यास उपयोग काय, हें आम्हांस कळलें नाहीं. तीं पृष्ठें खुशाल गाळावीं.

आतां ज्या प्रकरणास टांचणांत एक ओळ मिळाली, पण ज्यावर सर्व भिस्त ठेवावयास पाहिजे, तें पाहूं. कर्नाटकांत तोगलु गोंबेयाट म्हणजे कातडी बाहुल्यांचा खेळ करणारे लोक किल्लेक्यात नांवानें ओळखले जातात. हें नांव खेळांतील एका चेष्टेखोर पात्रावरून पडलें. मुंबई इलाख्याच्या जुन्या जातिवृत्तांत त्यांस कटबू असेंही म्हटलें आहे. थर्स्टनने इ. स. १९०९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या दक्षिणेच्या जातिवर्णनांत यांची गणना मराठी जातींत केली. ते कानडी मुलुखांत कानडींत खेळ करितात, पण घरांत मराठीची एक जुनी, मिश्र बोली बोलतात. आंध्रांत तोलुबोम्मलाट करणारीं घराणीं, ज्यांचें निम्मलकुंटा हें अनंतपूरकडील गांव आज प्रसिद्ध आहे, तींही तेलुगूंत खेळ करून घरीं मराठीची बोलीच बोलतात. तमिळ देशांतील तोल्‌पावैकूत्तूच्या मंडळींचीही तीच गोष्ट. म्हणजे बल्लारीपासून तंजावरापर्यंत तीन भाषांतून चालणाऱ्या या खेळामागें पडद्याच्या आड बोलली जाणारी भाषा एकच, आणि ती मराठी. तरीही कानडी कलेचा इतिहास लिहिणाऱ्यानें ती कानडी म्हणून नोंदिली, तेलुगु इतिहासकारानें तेलुगु म्हणून, आणि मराठी इतिहासकारानें बहुधा नोंदिलीच नाहीं. प्रयोगाच्या भाषेवरून कलेची वांटणी केली कीं असें व्हावयाचेंच.

या लोकांचें दक्षिणेंत जाणें केव्हां झालें यावर कित्येक लेखक तंजावरच्या भोसल्यांचें राज्य (इ. स. १६७६ ते १८५५) पुढें करितात. तमिळ मुलुखापुरतें तें संभवनीय आहे. परंतु बल्लारी-कोप्पळकडील किल्लेक्यातांस तंजावरचा आश्रय कशासाठीं लागावा? मुलुखगिरीच्या फौजांमागें जाणारे बाजारबुणगे, मेंढरांचे कळप, विणकर, वडार असे कितीतरी लोक कृष्णा-तुंगभद्रा ओलांडून गेले. त्यांस राजाज्ञेची गरज लागली नाहीं. एका घराण्याच्या राजवटीला सर्व श्रेय देण्याची संवय आपणां इतिहासकारांस जडली आहे, ती येथें आवरलेली बरी.

सोलापुराचा संबंध येतो तो याच ठिकाणीं. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर भागांत कानडी घरोघर बोलली जाते, विजापूर शंभर किलोमीटरांवर आहे, आणि तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांमुळें शहराच्या पूर्वभागांत तेलुगु रस्त्यावर ऐकूं येते. ज्या तीन भाषांत हा खेळ पाहिला, खेळविला व आपसांत बोलला जातो, त्या तिन्हींचा प्रेक्षक एका गांवांत बसलेला असा दुसरा गांव महाराष्ट्रांत दाखविणें कठीण. विद्यार्थ्यानें मराठींत संहिता लिहून पुण्याकडे तोंड करण्यापेक्षां हें ध्यानीं घ्यावें.

फिरत्या खेळाची ही वाट बंद कां पडली हेंही टांचणांत यावयास पाहिजे होतें. सिनेमानें खेळ मारला असें सरसकट लिहिलें जातें. सिनेमाचा वांटा आहेच. परंतु इ. स. १८७१ च्या गुन्हेगार जातींच्या कायद्यानें भटकणें हाच संशयाचा विषय केला, व तो कायदा देशभर रद्द होण्यास इ. स. १९५२ उजाडावें लागलें. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादींत कटबू हें नांव आहे, हें पुरेसें बोलकें आहे. ज्याला गांव सोडतांना व गांवीं शिरतांना हजेरी द्यावी लागते, त्यानें बाहुल्यांची पेटी बैलावर घालून जत्रा कशा गांठाव्या? सोलापुरांत तर अशा जातींसाठीं तारेच्या कुंपणाची वसाहत होती आणि त्या भागाचें 'सेटलमेंट' हें नांव लोकांच्या तोंडीं अद्याप आहे. आपल्या शहराचा हा इतिहास ठाऊक असलेल्या विद्यार्थ्यानें 'पुनरुज्जीवन' हा शब्द जपून वापरावा. विशेषतः ज्यांची कला म्हणून तो सांगूं पाहतो त्यांचीं घराणीं अजून हयात व खेळतीं आहेत. निम्मलकुंट्याचे दळवाई चलपति राव यांस इ. स. २०२० त व कोप्पळ जिल्ह्यांतील भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर या वृद्ध बाईंस इ. स. २०२५ त पद्मश्री मिळाली. हयात असलेल्याचें पुनरुज्जीवन करितां येत नाहीं.

महाराष्ट्राच्या हद्दींतील दुसरें केंद्र कुडाळ तालुक्यांतील पिंगुळी. तेथील ठाकर समाजानें सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयानें चित्रकथी, कळसूत्री व चामड्याच्या बाहुल्या अशा तिन्ही कला राखिल्या, व त्यांतील परशुराम गंगावणे यांस इ. स. २०२१ त पद्मश्री मिळाली. सांगलीस विष्णुदास भावे यांनींही लांकडी बाहुल्या घडविल्या. त्यांच्या इ. स. १८४३ च्या सीतास्वयंवरामागें आदल्या वर्षीं कानडी मुलुखांतून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ होता, हें सर्वश्रुत आहे. रंगभूमीच्या बाबतींत दक्षिणेकडून आलेलें ऋण आपण मोकळेपणें मानितों, मग बाहुल्यांच्या बाबतींत आपलेंच गेलेलें परत ओळखण्यास संकोच कां?

असो. पशूंच्या आकृतींकडे वळूं. कातडी बाहुली ही मुळांत एका अंगानें दिसणारी आकृति. मनुष्यास असें एकांगीं दाखवितांना कारागिरास डोळा, खांदा, कंबर यांची ओढाताण करावी लागते. पशूचा मात्र स्वाभाविक डौल एकांगींच उठून दिसतो. मान, पाठीची रेषा, शेंपूट व चार पाय एका पातळींत सहज मांडले जातात. म्हणून रामायणाच्या खेळांत मृग, वानर, जटायु हीं पात्रें प्रेक्षकांस देवांहून अधिक प्रिय होतात असा आमचा तर्क आहे. परंतु प्रांतोप्रांतींची घडण भिन्न आहे. आंध्रांतील आकृति मोठ्या, कित्येकदां पुरुषभर उंच, व सांध्यासांध्यांत दोऱ्यानें जोडलेल्या. कर्नाटकांत आकृति लहान, आणि अनेक ठिकाणीं एकाच कातड्यांत सबंध देखावा कापलेला असतो, तेथें रथ, सारथी व घोडे मिळून एकच तुकडा. ओडिशाच्या रावणछायेंत रंगही नाहीं व सांधेही नाहींत. केवळ काळी छाया. विद्यार्थ्यानें तीन प्रांतांचे नमुने एकत्र करून एक मृग रेखाटला आहे. आंध्राची सांधेजोड व ओडिशाची बिनरंगी काठ एका शरीरांत घालून काय साधणार तें त्यानें ठरवावें; पण नमुना कोठला हें प्रत्येक रेखाटनाखालीं लिहावें, त्यासोबत कातडें कशाचें, माप किती, सांधे कोठें व काठी कोठें बांधली हेंही.

टांचणांत परदेशच्या एका प्रयोगाचें वर्णन उत्साहानें केलें आहे. इ. स. २००७ त लंडनच्या नॅशनल थिएटरांत 'वॉर हॉर्स' हें नाटक झालें. केपटाउनच्या हँडस्प्रिंग मंडळीनें त्याचा घोडा घडविला व तिघे जण तो चालवीत. त्यांचा धडा असा कीं, बाहुलीनें आधीं श्वास घ्यावा, मग चालावें. धडा उत्तम आहे. परंतु तेथें चालविणारे प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर असतात, येथें ते पडद्याआड. कातड्याला छाती नाहीं, त्यास श्वास घ्यावयाचा तर तो आकृति पडद्यास भिडविण्या-सोडविण्यांत, छाया ठसठशीत व पुसट होण्यांत. ही युक्ति लंडनहून शिकतां येणार नाहीं.

आणि पशूची चाल शिकावयास तर सोलापूर सोडावयाचेंच कारण नाहीं. सिद्धेश्वराच्या यात्रेंत, मकरसंक्रांतीच्या सुमारास, होमविधीच्या रात्रीं भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेविलेलें वासरूं आणून त्याच्यापुढें धान्य, गूळ, खोबरें इत्यादि पदार्थ मांडितात व तें कशास हुंगतें, कशास तोंड लावतें, बुजतें कीं शांत राहतें यावरून पुढील वर्षाचा पाऊस व बाजारभाव सांगितला जातो. हजारों लोक श्वास रोधून एका वासराच्या कानाकडे व नाकपुडीकडे पाहत आहेत, याहून निराळें प्रेक्षागृह बाहुलीवाल्यास काय पाहिजे? यास टांचणांत दोन ओळी आहेत. वीस पृष्ठें हवीं होतीं. त्याच यात्रेंतील सात नंदीध्वजांस मात्र 'उंच बाहुल्या' म्हटलें आहे, तें तत्काळ खोडावें. त्या देवाच्या काठ्या आहेत. त्यांतील एकीस नागफणी बांधितात व ती एकटा मनुष्य पेलतो, हें कसब अवश्य पाहावें, कंबर व मनगट कसें राखतो हें टिपावें. पण भक्ताच्या मानाच्या वस्तूस खेळण्याचें नांव देण्याचा अधिकार अभ्यासकास नाहीं. यात्रेंतील जनावरांच्या बाजारांत बैल चालवून दाखवितात, तेथें दोन दिवस वही घेऊन बसल्यास बैलाचीं रेखाटनें आपोआप सुधारतील.

जाहिरातीवरील शब्दांविषयीं आमची सूचना अशी कीं, 'सोलापूरच्या प्राचीन परंपरेचें पुनरुज्जीवन' हें काढून 'दक्षिणेंतील मराठीभाषी घराण्यांच्या कातडी बाहुल्यांवरून योजिलेला पशूंचा खेळ' असें छापावें, आणि ज्या घराण्याकडून घडण शिकला त्याचें नांव त्यांच्या संमतीनें खालीं घालावें. निम्मलकुंटा व पिंगुळी या दोन्ही ठिकाणीं जाऊन यावें. पोथ्या पुढेंही वाचतां येतील. कातड्यासंबंधीं एक दुरुस्ती राहिली. जुन्या मंडळींत देवांच्या आकृतींस हरणाचें कातडें वापरीत हें टांचणांतलें विधान बरोबर आहे, पण इ. स. १९७२ च्या वन्यजीवसंरक्षण कायद्यापासून तें वर्ज्य आहे, आतां शेळीचेंच घ्यावें. तें चपलांच्या बाजारांतून कमावलेलें आणूं नये. कच्चें घेऊन, केंस खरवडून, ताणून वाळवावें व दोन्ही बाजूंनीं रंगवावें. कमावलेल्या कातड्यांतून उजेड येत नाहीं.