कोठडीच्या भिंतीवरचा कागद

अटकेनंतर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचे बंधन राज्यघटनेने १९५० पासूनच घातले. पण घटनेचे पुस्तक कोठडीत कोणाजवळ असते? म्हणून १९८३ चा एक निकाल मला फार मोलाचा वाटतो.

पत्रकार शीला बारसे यांनी मे १९८२ मध्ये मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहात पंधरा स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले.

१५ फेब्रुवारी १९८३ रोजी न्या. भगवती यांच्या पीठाने आदेश दिले : स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, पहाऱ्यावर महिला पोलीस, चौकशीही महिला पोलिसांसमोरच. अटकेची खबर नातेवाइकाला आणि कायदेविषयक मदत समितीला. शिवाय हक्कांचे पत्रक मराठी, हिंदी, इंग्रजीत प्रत्येक कोठडीत लावायचे, वाचूनही दाखवायचे.

१ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. चोवीस तासांची मर्यादा तिच्यातही आहे. पण जो हक्क ठाऊकच नाही, तो मागणार कसा? श्रोतेहो, म्हणून मला कलमाइतकाच तो भिंतीवरचा कागद महत्त्वाचा वाटतो.